एका दासाचें स्वातंत्र्य

स्वातंत्र्य आणि सुख हे दोन शब्द मनुष्याच्या तोंडीं इतक्या वेळां येतात कीं, त्यांचा अर्थ आपणांस कळलेलाच आहे असें जो तो गृहीत धरून चालतो. परंतु मनुष्य स्वतंत्र केव्हां म्हणावा, असा प्रश्न दोघां सुशिक्षितांस विचारला, तर दोन अगदीं भिन्न उत्तरें मिळण्याचा संभव फार. एक म्हणेल, ज्याच्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता चालत नाहीं तो स्वतंत्र. दुसरा म्हणेल, ज्याची स्वतःवर सत्ता चालते तो स्वतंत्र. पहिला बेड्या, कायदे, मालक आणि राजे यांकडे बोट दाखवील. दुसरा लोभ, भय, क्रोध आणि आशा यांकडे दाखवील. पहिल्याच्या मतें स्वातंत्र्य जगाशीं झगडून मिळवावयाचें असतें. दुसऱ्याच्या मतें तें स्वतःशीं झगडून राखावयाचें असतें.

हा वाद केवळ तर्कशास्त्राचा असता, तर तो वर्गांतील विद्यार्थ्यांच्या चर्चेसाठीं सोडून देतां आला असता. पण त्याच्या निकालावर असंख्य माणसांचें आयुष्य अवलंबून राहिलेलें आहे. खरें स्वातंत्र्य मनांत असतें, हा विचार एकाच्या बाबतींत अमृतासारखा गुणकारी ठरतो, तर दुसऱ्याच्या बाबतींत तोच विषासारखा मारक होतो. असें कां व्हावें, याचा उलगडा इतिहासाकडूनच होण्यासारखा आहे. आणि त्या दृष्टीनें रोमन साम्राज्यांतील एका लंगड्या गुलामाच्या चरित्राइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

रोममधील गुलामगिरी म्हणजे काय होती, हें समजावयास एकच प्रसंग पुरे आहे. इ. स. ६१ मध्यें रोम शहराचा मुख्य अधिकारी पेडेनिअस सेकंडस याचा त्याच्याच एका गुलामानें खून केला. मुक्ततेची किंमत ठरल्यावर मालकानें शब्द फिरविला म्हणून, किंवा दुसऱ्या एका खासगी मत्सरापायीं हें घडलें, असें टॅसिटस हा इतिहासकार सांगतो. जुना रिवाज असा होता कीं, मालकाचा घरांत खून झाल्यास त्याच छपराखालीं राहणाऱ्या यच्चयावत् गुलामांस देहान्त शिक्षा द्यावी. पेडेनिअसच्या घरीं चारशें गुलाम होते. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं, आणि बहुतेक सर्व निरपराधी होते. शहरांतील सामान्य लोक खवळून उठले. सेनेटांतही कांहीं सभासदांस हा प्रकार रुचेना. तेव्हां गायस कॅसिअस हा नामांकित कायदेपंडित उभा राहिला. आपल्या घरांत नाना देशांचे आणि नाना धर्मांचे लोक भरले आहेत, भीतीवांचून या जमावास आवर घालतां येणार नाहीं, असें त्यानें प्रतिपादन केलें. आणि सभेस तें मान्य झालें. नीरो बादशहानें रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सैन्य उभें केलें व त्या रांगांमधून चारशें माणसें वधस्थानाकडे नेण्यांत आलीं.

त्या वेळीं नीरोचा सल्लागार सेनेका हा होता. स्टोइक तत्त्वज्ञानाचा तो मोठा पुरस्कर्ता. पुढें आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यानें आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांपैकीं एकांत, गुलाम हीही आपल्यासारखींच माणसें आहेत, त्यांच्या पंक्तीस बसण्यास लाजूं नये, असा अत्यंत उदार उपदेश केला आहे. परंतु चारशें जिवांच्या त्या चर्चेंत त्यानें तोंड उघडल्याचें टॅसिटसनें नोंदलेलें नाहीं. सेनेका साम्राज्यांतील मोठ्या धनिकांपैकीं एक होता. त्याचें तत्त्वज्ञान खोटें होतें असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण तें वाड्यांतून बाहेर पडलेलें तत्त्वज्ञान होतें. त्याच पंथाचें तत्त्वज्ञान जेव्हां वाड्याच्या मागील दारानें, गुलामांच्या कोठडींतून बाहेर आलें, तेव्हां त्याचा सूर निराळाच लागला.

एपिक्टेटसचा जन्म इ. स. ५० च्या सुमारास आशियामायनरमधील फ्रिजिया प्रांतांत, हायरापोलिस येथें झाला. ‘एपिक्टेटस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मिळविलेला’ असा आहे. आपल्याकडे भांड्यावर मालकाचें नांव घालतात, तशांतलाच हा प्रकार. नांवच असें कीं हांक मारतांच मालकी सिद्ध व्हावी. त्याचा मालक एपाफ्रोडिटस हाही एके काळीं गुलामच होता. मुक्त झाल्यावर तो नीरोच्या दरबारीं अर्जांचें दप्तर सांभाळणारा चिटणीस झाला आणि मोठ्या वैभवास चढला. इ. स. ६८ मध्यें नीरोनें आत्महत्या केली तेव्हां खंजिरास हात देणारा हाच मनुष्य. आणि त्याच कारणावरून पुढें सत्तावीस वर्षांनीं डोमिशिअन बादशहानें त्याचा वध करविला. तात्पर्य, एपिक्टेटस हा एका माजी गुलामाचा गुलाम होता. आणि ज्या घरांत तो वाढला, त्या घराची सर्व श्रीमंती बादशहाच्या मर्जीच्या एका धाग्यावर लोंबकळत होती.

त्या घरांत त्यानें काय पाहिलें, तें त्यानें पुढें आपल्या शिष्यांस गमतीनें सांगितलें आहे. एपाफ्रोडिटसजवळ फेलिसिओ नांवाचा एक चांभार गुलाम होता. कामाचा नाहीं म्हणून मालकानें त्याला विकून टाकलें. दैवयोगानें बादशहाच्या पदरच्या कोणीं तरी त्यास विकत घेतलें आणि फेलिसिओ खुद्द बादशहाचे जोडे शिवूं लागला. त्या दिवसापासून एपाफ्रोडिटसचा नूर पालटला! फेलिसिओ भेटला कीं आदरानें विचारपूस व्हावयाची. आणि चिटणीससाहेब कोठें आहेत असें कोणीं विचारलें, तर ते फेलिसिओशीं मसलत करीत बसले आहेत, असें उत्तर मिळावयाचें. दुसरी गोष्ट एका बड्या गृहस्थाची. तो एपाफ्रोडिटसच्या गुडघ्यांस मिठी मारून रडूं लागला कीं, आतां माझ्याजवळ पंधरा लक्ष सेस्टर्सपलीकडे कांहींच उरलेलें नाहीं. एपाफ्रोडिटसला यांत हंसण्यासारखें कांहींच वाटलें नाहीं. इतके दिवस हें दुःख निमूटपणें सोसलें तरी कसें, असें म्हणून त्यानें मनापासून त्याचें सांत्वन केलें.

पालखींत बसलेल्याचें वैभव रस्त्यावरील लोकांस दिसतें; पण त्याचें खरें वजन भोयांनाच ठाऊक असतें. एपिक्टेटसनें रोमचें ऐश्वर्य भोयाच्या जागेवरून पाहिलें. ज्यांच्या एका शब्दासरशीं गुलामाची पाठ फुटे, तेच लोक दुसऱ्याच्या कपाळावरील आठी पाहून रात्रभर तळमळत, हें त्यानें जवळून पाहिलें. मालक स्वतंत्र आणि आपण परतंत्र, हा भेद कायद्याच्या वहींत स्पष्ट होता. माणसांच्या चेहऱ्यांवर मात्र तो त्यास आढळेना. गुलाम असतांनाच त्यास म्युसोनिअस रूफस या स्टोइक आचार्याचीं व्याख्यानें ऐकण्याची संधि मिळाली, आणि मनांत उठलेल्या या प्रश्नास शास्त्राची जोड लाभली.

त्याच्या लंगडेपणाविषयीं एक कथा प्रसिद्ध आहे. मालक त्याचा पाय पिळीत होता. मोडेल, असें तो शांतपणें म्हणाला. आणि मोडल्यावर, मीं सांगितलें नव्हतें का, एवढेंच बोलला. ही कथा सेल्सस या लेखकाची असून एपिक्टेटसच्या मृत्यूनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं लिहिलेली आहे. उलटपक्षीं एका जुन्या ग्रीक कोशांत हा लंगडेपणा आजारामुळें आला होता असें म्हटलें आहे. एपिक्टेटस स्वतःस लंगडा म्हातारा म्हणतो, पण मालकास दोष देत नाहीं. म्हणून या कथेवर फारसा भार न देणेंच बरें. त्याच्या थोरवीस तिची गरजही नाहीं.

पुढें तो मुक्त झाला. इ. स. ९३ च्या सुमारास डोमिशिअननें तत्त्ववेत्त्यांस रोममधून हद्दपार केलें, तेव्हां तो ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकोपोलिस या शहरीं जाऊन राहिला. तेथें त्यानें शाळा घातली आणि इ. स. १३५ च्या सुमारास मृत्यु येईपर्यंत अध्यापन केलें. त्यानें स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाहीं. एरिअन नांवाच्या शिष्यानें, पुढें ज्यानें अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिला त्यानें, गुरूचीं भाषणें आठ भागांत उतरून ठेवलीं. त्यांपैकीं चार आज उपलब्ध आहेत. घरांत सामान म्हणावें असें कांहीं नव्हतें. देवांपाशीं एक लोखंडी दिवा होता, तो चोरीस गेला. तेव्हां उद्यां मातीचा आणूं, असा विचार करून तो स्वस्थ झाला. चोराला दिवा मिळाला, पण त्यासाठीं त्यास आपलें इमान मोजावें लागलें, हा सौदा त्यालाच महाग पडला, असा त्याचा हिशेब. गंमत अशी कीं, त्याच्या मागें हाच मातीचा दिवा कोणा हौशी माणसानें तीन हजार द्राख्मांस विकत घेतला, अशी नोंद ल्यूशिअननें केली आहे. त्या उजेडांत वाचलें म्हणजे आपणही एपिक्टेटस होऊं, असें त्यास वाटलें असावें! आयुष्यभर एकटा राहिलेल्या या म्हाताऱ्यानें उतारवयांत एका मित्राचें मूल घरीं आणिलें. दारिद्र्यामुळें तो मित्र तें टाकून देणार होता. त्याच्या संगोपनासाठीं त्यानें एक बाईही घरांत ठेवली. ज्याच्या तत्त्वज्ञानावर कोरडेपणाचा आक्षेप घेतला जातो, त्याची ही कृति त्या आक्षेपास उत्तर म्हणून पुरेशी आहे.

त्याच्या शिकवणुकीचें सार थोडक्यांत सांगतां येईल. जगांतील सर्व गोष्टींचे दोन ढीग करावे. आपलें मत, आपली इच्छा, आपला निश्चय आणि आपलें आचरण हीं आपल्या स्वाधीन आहेत. शरीर, धन, कीर्ति आणि अधिकार हीं नाहींत. तीं दुसरा देऊं शकतो व दुसराच काढून घेऊं शकतो. जो दुसऱ्या ढिगांतील वस्तूवर आपलें सुख टांगून ठेवतो, तो त्या वस्तूच्या मालकाचा गुलाम झाला. मग त्याच्या अंगावर जांभळ्या काठाचा झगा असो कीं गोणपाट असो. स्वातंत्र्यावरील आपल्या प्रदीर्घ भाषणांत त्यानें एका गुलामाची कहाणी सांगितली आहे. मुक्त झालों, सरकारास किंमतीचा विसावा हिस्सा कर भरला, कीं सुखी झालों, असें त्या गुलामास वाटत असतें. मुक्त झाल्यावर जेवण कोठें मिळेल याची भ्रांत पडते. मग तो कोणाची तरी खुशामत करतो, कोणाच्या तरी मोहांत सांपडतो, आणि पूर्वी अन्नवस्त्राची काळजी मालक तरी वाहत होता, म्हणून हळहळतो. पुढें तो मानकरी होतो, लढाईवर जातो, शेवटीं सेनेटाचा सभासद होतो. आणि तेथें त्याला गुलामगिरीचा सर्वांत देखणा प्रकार प्राप्त होतो!

येथें वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें, कारण या लेखाचें सर्व प्रयोजन तींत आहे. हीं भाषणें ऐकावयास कोण बसले होते? निकोपोलिसच्या शाळेंत गुलामांचा वर्ग भरत नसे. तेथें येत ते ग्रीस व रोममधील सुस्थित घराण्यांतील तरुण. उद्यां न्यायासनावर बसणारे, प्रांतांचा कारभार पाहणारे. खुद्द एरिअन पुढें कॅपॅडोशिया प्रांताचा सुभेदार झाला. अशा मुलांपुढें उभा राहून एक माजी गुलाम सांगत होता कीं, दोनदां कॉन्सलपद भूषविलेला मनुष्यही गुलाम असूं शकतो. गुलामांनीं आपल्या स्थितींत संतुष्ट राहावें, असें हें सांगणें नव्हे. मालकांनीं आपल्या स्थितीचा गर्व वाहूं नये, असें हें सांगणें होतें. त्याच भाषणांत पिंजऱ्यांतील पक्ष्यांचें उदाहरण येतें. कितीही दाणापाणी मिळालें तरी कांहीं पक्षी बंदिवासापेक्षां उपासमारीनें मरण पत्करतात, याचें त्यास कौतुक आहे. ऊनपाणी वेळेवर न आणणाऱ्या गुलामावर चिडणाऱ्या शिष्यास त्यानें बजावलें आहे कीं, तो तुझा भाऊ आहे, तुझ्याइतकाच ईश्वराचा पुत्र आहे. खरेदीखतांचा कायदा हा मेलेल्या माणसांचा कायदा होय. उपदेशाचा हा ओघ खालून वर वाहणारा आहे. म्हणूनच त्यांत तेज आहे.

हा ओघ किती उंचीपर्यंत पोंचला, याची साक्ष रोमच्या एका बादशहानें दिली आहे. मार्कस ऑरेलिअस इ. स. १६१ पासून १८० पर्यंत गादीवर होता. रस्टिकस या गुरूनें स्वतःजवळची प्रत देऊन आपणांस एपिक्टेटसच्या भाषणांचा परिचय करून दिला, याबद्दल त्यानें आपल्या वहींत कृतज्ञता व्यक्त केली आहे. डॅन्यूबच्या आघाडीवर, क्वाडी नांवाच्या रानटी टोळ्यांच्या मुलुखांत लढाई चालू असतांना त्यानें या वहीचा कांहीं भाग लिहिला. साम्राज्यांत महामारी पसरली होती, खजिना रिता झाला होता, आणि युद्धाच्या खर्चासाठीं राजवाड्यांतील मौल्यवान वस्तूंचा लिलाव करावा लागला होता. अशा वेळीं पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य पुरुष एका लंगड्या गुलामाचीं वचनें आठवून धीर धरीत होता. मुलाचा मुका घेतांना तें मर्त्य आहे हें मनांत वागवावें, हें एपिक्टेटसचें कठोर वचनही त्यानें उतरून घेतलें आहे. त्याला झालेल्या तेरा-चौदा अपत्यांपैकीं निम्म्याहून अधिक त्याच्या डोळ्यांदेखत गेलीं. तें वचन लिहितांना लेखणी अडखळली असेल कीं काय, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

या वहीस पुढें जें ग्रीक नांव मिळालें, त्याचा अर्थ ‘स्वतःस उद्देशून’ असा आहे. ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. ज्याच्या हुकमांत लाखों गुलाम होते, त्यानें संतोषाचा हा उपदेश त्यांना केला नाहीं, स्वतःला केला. गुलामांविषयीं बोलावयाचें तेव्हां तो न्यायाधीश म्हणून बोलला, आणि मृत्युपत्रानें दिलेली मुक्तता कायद्याच्या खुसपटांमुळें बुडूं नये, अशा तऱ्हेचे त्याचे निर्णय रोमन कायद्याच्या ग्रंथांत जपून ठेवलेले आहेत. त्याच्यापूर्वीं हेड्रिअननें गुलामास ठार मारण्याचा मालकाचा अधिकार काढून घेतला होता, आणि मालकाचा खून झाल्यास घरांतील सरसकट सर्व गुलामांची यातना देऊन चौकशी करूं नये, असें ठरविलें होतें. अँटोनायनस पायसनें, अतिरेकी छळ करणाऱ्या मालकास गुलाम विकून टाकण्यास भाग पाडावें, असा नियम केला. पेडेनिअसच्या चारशें गुलामांपासून येथपर्यंतचें अंतर कमी नव्हे.

तरी सत्य सांगावयाचें तर येथेंच थांबतां येणार नाहीं. या कायद्यांनीं गुलामगिरी सौम्य झाली, संपली नाहीं. एपिक्टेटसनें ती अजिबात मोडून टाकावी असें कोठेंही म्हटलें नाहीं, आणि मार्कसला तें सुचलें नाहीं. मनुष्याचा आत्मा विकला जात नाहीं, हें ज्यांना इतकें स्पष्ट दिसलें, त्यांना मनुष्याचें शरीर विकलें जाऊं नये, हें तितकें स्पष्ट दिसलें नाहीं. सर्व जगाची अर्थव्यवस्था ज्या पायावर उभी असते, तो पाया काढतां येतो ही कल्पनाच त्या पायावर राहणाऱ्यांस सुचत नाहीं. स्टोइक मताचें हें अपुरेपण मान्य केलें पाहिजे. कारण याच फटींतून पुढें त्या विचाराचा दुरुपयोग आंत शिरला.

अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत एकोणिसाव्या शतकांत हा ओघ नेमका उलटा वाहूं लागला. निग्रो गुलामांस वाचावयास शिकविणें अनेक संस्थानांत कायद्यानें बंद होतें. पण सहनशीलता, आज्ञाधारकपणा आणि संतोष यांवरील प्रवचनें त्यांना भरपूर ऐकविलीं जात. मालक गुलामास सांगे कीं, सुख मनावर आहे! या उपदेशाचा अनुभव घेतलेल्या एका गुलामाची साक्ष आपल्यापुढें आहे. फ्रेडरिक डग्लस १८१८ च्या सुमारास मेरीलंडमध्यें जन्मला व त्याचें आत्मवृत्त १८४५ सालीं प्रसिद्ध झालें. नाताळपासून नव्या वर्षापर्यंतच्या सुट्टींत मालक गुलामांना मुद्दाम दारू पाजीत, असें त्यानें लिहिलें आहे. मोकळेपणाच्या चार दिवसांत माणूस इतका लोळावा कीं, त्याला स्वातंत्र्याचाच वीट यावा आणि शेतावरचें काम बरें वाटावें, असा त्यांतील डाव होता. एपिक्टेटसच्या कहाणींतील मुक्त झालेला गुलाम जुन्या मालकासाठीं हळहळतो, तेव्हां ती त्याच्या मनाची दुर्बळता असते. येथें तीच दुर्बळता मालक हेतुपुरःसर पैदा करीत होते.

पण याच डग्लसच्या चरित्रांत अंतःस्वातंत्र्याच्या विचाराचें खरें मोलही दिसून येतें. गुलामांस ‘वठणीवर’ आणण्याबद्दल ख्याति असलेल्या कोवी नांवाच्या शेतकऱ्याकडे त्याला एक वर्षासाठीं देण्यांत आलें होतें. १८३४ च्या ऑगस्टांत, सोळा वर्षांच्या या मुलानें मार खाण्याचें नाकारलें आणि कोवीशीं सुमारें दोन तास झुंज दिली. पुन्हां कोवीनें त्याच्या अंगास हात लावला नाहीं. त्या दिवसाविषयीं डग्लस म्हणतो कीं, यापुढें आपण नांवाचे गुलाम राहूं, पण खरेखुरे गुलाम राहणार नाहीं, असा आपला निश्चय झाला. एपिक्टेटस याहून निराळें काय सांगत होता? परंतु डग्लस तेवढ्यावर समाधान मानून बसला नाहीं. चार वर्षांनीं, ३ सप्टेंबर १८३८ रोजीं, तो पळाला. आणि पुढें सर्व आयुष्य त्यानें आपल्या बांधवांच्या बेड्या तोडण्यांत घालविलें. मनाचें स्वातंत्र्य त्याला पायांच्या स्वातंत्र्याऐवजीं मिळालें नाहीं. तें त्याच्या आधीं मिळालें, आणि त्यानेंच पायांना धांवण्याचें बळ दिलें.

एपिक्टेटसचा असाच अर्थ लावणारा दुसरा एक अमेरिकन गृहस्थ होऊन गेला. टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हा मॅसॅच्युसेट्समधील धर्मोपदेशक व लेखक. १८५४ सालीं अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामास पकडून बोस्टनच्या न्यायालयांत ठेविलें असतां, त्याची सुटका करण्यासाठीं ज्यांनीं दार फोडलें त्यांत हिगिन्सन पुढें होता; त्या झटापटींत त्याच्या हनुवटीवर तरवारीची जखम झाली. यादवी युद्धांत, १८६२ पासून, मुक्त झालेल्या निग्रो शिपायांच्या एका पलटणीचें नेतृत्व त्यानें केलें. युद्धांत जखमी होऊन परत आल्यावर या माणसानें हातीं घेतलेलें काम कोणतें? एलिझाबेथ कार्टर या इंग्रज विदुषीनें १७५८ सालीं प्रसिद्ध केलेलें भाषांतर पुढें ठेवून त्यानें एपिक्टेटसचे ग्रंथ नव्यानें इंग्रजींत आणिले. तें पुस्तक १८६५ सालीं बाहेर पडलें. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या राज्यघटनेंतील तेराव्या दुरुस्तीनें तेथील गुलामगिरी कायमची रद्द झाली. एका हातानें गुलामांच्या बेड्या तोडणें आणि दुसऱ्या हातानें अंतःस्वातंत्र्याचा ग्रंथ लिहिणें, यांत हिगिन्सनला विसंगति वाटली नाहीं. आणि ती नव्हतीच.

अमेरिकेंतील या घडामोडीचा पडसाद आपल्या महाराष्ट्रांतही उमटला. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्याहून ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि निग्रो दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल गौरव म्हणून तें अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. येथील शूद्रातिशूद्रांची स्थिति तेथील गुलामांहून निराळी नाहीं, हें त्यांस सांगावयाचें होतें. त्या पुस्तकांतील इतिहासविषयक सर्व मतें मान्य असोत वा नसोत, त्यांतील एक निदान अचूक आहे: देहाची बेडी टिकविण्यास मनाची बेडी लागते, आणि ही दुसरी बेडी पुष्कळदां उपदेशाच्या रूपानें घातली जाते. प्रारब्ध, पूर्वसंचित, समाधान हे शब्द आपल्या संतांनीं स्वतःच्या दुःखाशीं झगडतांना उच्चारले, तेव्हां ते पवित्र होते. तेच शब्द गांवकुसाबाहेरच्या माणसास गांवकुसाच्या आंतून ऐकविण्यांत आले, तेव्हां त्यांचें पावित्र्य संपलें.

ही गोष्ट गांवकुसापुरतीच खरी आहे असें मानून आपण सुशिक्षितांनीं निश्चिंत होऊं नये. आपल्या मध्यम वर्गाच्या घरांतही हा उलटा ओघ पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला आहे. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी त्यानंतर कित्येक वर्षें माजघरांतील बालविधवेस समाधानाचे पाठ देण्यांत आले. आणि ते देणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकीं अनेकांनीं स्वतः दुसरें, तिसरें लग्न केलेलें असे. सुनेस सहनशीलतेचा, गड्यास इमानदारीचा, मोलकरणीस अल्पसंतोषाचा उपदेश करणें फार सोपें असतें. कारण त्यासाठीं उपदेशकास कांहींच सोडावें लागत नाहीं. मुलीच्या अंगीं सोशिकपणा आहे म्हणून आपण तिचें कौतुक करतों. पण तो तिनें होऊन स्वीकारला आहे कीं तिच्यापुढें दुसरा मार्गच ठेवलेला नाहीं, हें विचारण्याच्या भरीस सहसा पडत नाहीं.

तेव्हां आरंभीं दिलेल्या दोन उत्तरांपैकीं खरें कोणतें? इतिहासाचा कौल असा दिसतो कीं, दोन्ही खरीं आहेत. मात्र प्रत्येकाचा पत्ता निराळा आहे. स्वतःशीं बोलतांना मनुष्यानें दुसरें उत्तर द्यावें. आपलें सुख दुसऱ्याच्या मर्जीवर टांगूं नये, गेलेल्या दिव्यासाठीं रात्र जाळूं नये, मिळालेल्या पदानें फुगूं नये. संकटांत मनुष्याचें शील सांभाळणारें याहून भक्कम साधन आजवर सांपडलेलें नाहीं. परंतु दुसऱ्याविषयीं बोलतांना, आणि विशेषतः जो आपल्या हाताखालीं आहे त्याच्याविषयीं बोलतांना, पहिलेंच उत्तर लक्षांत ठेवावें. त्याचें मन किती मुक्त आहे हें पाहणें त्याचें काम; त्याच्या पायांत आपण घातलेली बेडी आहे कीं काय, हें पाहणें आपलें.

एपिक्टेटसनें ही वाटणी शब्दांत मांडून ठेवली नाहीं. पण त्याच्या वागण्यांत ती आहे. स्वतःचा दिवा चोरीस गेला तेव्हां तो तत्त्वज्ञानानें स्वस्थ बसला. मित्राचें मूल टाकलें जाणार असें कळलें तेव्हां मात्र, मृत्यु ही आपल्या स्वाधीन नसलेली गोष्ट आहे असें म्हणून तो स्वस्थ बसला नाहीं. लंगडत गेला आणि तें मूल घरीं घेऊन आला.